सायक्रोमेट्रिक चार्ट: बिंदू सापडतो, पुढे काय?

आडवी_रेघ

शेजारच्या धाग्यावर कूलर विरुद्ध एसी ही जुनीच मारामारी चालू असताना सायक्रोमेट्रिक चार्टचा, म्हणजे हवेचं तापमान आणि ओलावा एकत्र दाखवणाऱ्या आलेखाचा विषय निघाला. तीन-चार जणांची तक्रार एकच होती: चार्टवर बिंदू शोधायला शिकवतात, परीक्षेत तो सापडतोही, पण त्या बिंदूचं करायचं काय हे कुणी सांगत नाही. तिथे अवांतर वाढायला नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी रेघांचं जाळं सोडवू. खालच्या आडव्या अक्षावर साध्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे ड्राय बल्ब. उजवीकडच्या उभ्या अक्षावर बाष्पाचं प्रमाण: एक किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम पाणी. डावीकडून वर चढत जाणारी जाड वक्ररेषा १०० टक्के सापेक्ष आर्द्रतेची. तिच्या पलीकडे जायला गेलं की जादाच्या बाष्पाचं पाणी होतं. तिच्या पोटात ९०, ८०, ७० अशा उतरत्या टक्क्यांच्या वक्ररेषा. वेट बल्ब म्हणजे फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान. त्याच्या रेघा या जाड वक्ररेषेपासून उजवीकडे खाली तिरक्या उतरतात. एन्थाल्पीच्या, म्हणजे हवेतल्या एकूण उष्णतेच्या रेघा जवळजवळ त्यांच्याच अंगावरून जातात. आणखी काही मोजक्या, जास्त उभट रेघा दिसतील, त्या एक किलो हवा किती जागा व्यापते ते सांगतात.

'कोरड्या हवेमागे' असं का? कारण वाटेत पाणी वाढेल किंवा कमी होईल, कोरडी हवा मात्र तेवढीच राहते. हिशेबात काहीतरी न बदलणारं लागतं.

आता नियम एकच. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी माहीत असल्या की बिंदू पक्का होतो आणि बाकीच्या सगळ्या वाचता येतात. समजा ३० अंश आणि ५० टक्के. ३०ची उभी रेघ धरा, ५० टक्क्यांच्या वक्ररेषेला मिळेपर्यंत वर जा. तिथून सरळ उजवीकडे गेलात की १३.३ ग्रॅम. त्याच उंचीवर डावीकडे जाऊन जाड वक्ररेषेला टेकलात की १८.४ अंश, हा दवबिंदू, म्हणजे हवा एवढी थंड झाली की बाष्पाचं पाणी व्हायला लागतं. बिंदूतून तिरकं वर डावीकडे गेलात की २२ अंश, हा वेट बल्ब. एन्थाल्पी सुमारे ६४ किलोजूल प्रति किलो. घनफळ ०.८८ घनमीटरच्या आसपास.

इथपर्यंत पुस्तकं नेऊन सोडतात. खरी मजा पुढे आहे, कारण हा चार्ट तक्त्यासारखा वाचायचा नसून नकाशासारखा वाचायचा आहे. बिंदू कुठे आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने सरकतोय ते महत्त्वाचं. नुसती गरम केली तर हवा आडवी उजवीकडे जाते. नुसती थंड केली तर आडवी डावीकडे, जाड वक्ररेषेला टेकेपर्यंत. टेकल्यानंतरही थंड करत राहिलात तर ती त्या वक्ररेषेवरून खाली घसरते आणि पाणी गळायला लागतं. वाफ सोडली तर जवळजवळ सरळ वर. आणि पाण्याचे तुषार मारले किंवा ओल्या जाळीतून हवा ओढली, तर ती वेट बल्बच्या तिरक्या रेघेवरून डावीकडे वर चढते.

शेवटच्या दिशेचं उदाहरण देतो, मग थांबतो. ४० अंश, २० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिचा वेट बल्बही २२ अंशच येतो. म्हणजे ती आणि वरची ३० अंश, ५० टक्क्यांची हवा एकाच तिरक्या रेघेवर बसल्या आहेत. एकीत ९.२ ग्रॅम पाणी आहे, दुसरीत १३.३. मधले चार ग्रॅम तुम्ही हवेत सोडलेत आणि बदल्यात दहा अंश उतरवलेत. एन्थाल्पी मात्र दोघींची सारखीच, ६४. कूलर उष्णता बाहेर टाकत नाही, तिचं रूप बदलतो. हे वाक्य ऐकलेलं सगळ्यांनी असतं, चार्टवर ते रेघेच्या रूपात समोर दिसतं.

प्रश्न असतील तर विचारा. जाणकारांनी भर घालावी.

सटरफटर

छान धागा. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. हवामानाच्या ॲपवर पहाटे आर्द्रता ९० टक्के दाखवते आणि दुपारी ४४-४५. पाऊस नाही, वारा नाही. मग दुपारी निम्मं बाष्प जातं कुठे?

आडवी_रेघ

कुठेच जात नाही. बाळबोध अजिबात नाही प्रश्न, सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

पहाटे २० अंश, ९० टक्के असा बिंदू टाका. तिथून आडवे उजवीकडे ३२ अंशांपर्यंत जा. कुठल्या वक्ररेषेवर आलात? ४४ टक्के. पाणी एक ग्रॅमसुद्धा हललं नाही. दवबिंदू पहाटेही १८.३ होता, दुपारीही तोच. फक्त हवा तापली आणि त्या तापमानाला बाष्पाची जी कमाल मर्यादा असते ती दुपटीहून पुढे गेली. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या मर्यादेच्या किती टक्के, एवढंच.

म्हणून माझं स्पष्ट मत: तापमान न सांगता नुसती टक्केवारी सांगणं बिनकामाचं. दोन जागांची किंवा दोन वेळांची तुलना करायची तर दवबिंदू विचारावा, नाहीतर ग्रॅम. या दोन गोष्टी हवा तापली म्हणून बदलत नाहीत.

पंखेवाला

धागाकर्त्याशी सहमत, पण टक्केवारीला एवढं पायदळी तुडवू नका. लाकूड, कागद, कापड, बुरशी यांना टक्केवारीच कळते. कागद किती ओलावा ओढणार ते मुख्यत्वे सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं, ग्रॅमवर नाही. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरनं १९०२ साली पहिली यंत्रणा आखली तीच मुळी छापखान्यासाठी, कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते म्हणून. पुढे १९११ साली त्यानं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे सूत्रं मांडली. आज आपण वापरतो तो चार्ट त्याच वळणाचा.

आता एसीवाल्यांच्या कामाचं. साइटवर नवीन पोरं विचारतात की खोली २४ अंशांवर ठेवायची, तर कॉइलमधून (एसीतल्या गार नळ्यांच्या जाळीतून) हवा १३ अंशांपर्यंत कशाला उतरवायची, १८वर सोडा की, वीज वाचेल. उत्तर चार्टवर आहे. खोलीत २४ अंश आणि ५० टक्के हवेत. त्या बिंदूतून आडवं डावीकडे जा, वक्ररेषा १३च्या जवळ लागते. म्हणजे खोलीत ५० टक्के राखायचे तर हवेतलं पाणी निदान १३ अंशांच्या दवबिंदूपर्यंत आणलंच पाहिजे. कॉइल १८वर ठेवलीत तर ती २४ अंशांची हवा फक्त गार करेल, पाणी काढणारच नाही, कारण त्या हवेचा दवबिंदू १८च्या खाली आहे. खोली गार होईल आणि माणसं चिकचिकाटानं वैतागतील.

हिशेबही करून टाकू. धाग्यातली ३० अंश, ५० टक्क्यांची हवा १३ अंशांवर संपृक्त केली, म्हणजे १०० टक्क्यांच्या वक्ररेषेवर आणली. एन्थाल्पी ६४.२ वरून ३६.६ वर आली. फरक २७.६ किलोजूल. यातले साधारण १७.४ तापमान उतरवायला लागले आणि १०.२ निव्वळ पाणी काढायला. जवळजवळ ३७ टक्के ताकद पाण्यावर खर्च झाली! पाणी निघालं किलोमागे ४ ग्रॅम. सेकंदाला एक किलो कोरडी हवा जात असेल तर २७.६ किलोवॅट, म्हणजे पावणेआठ टनांच्या वर, आणि ड्रेनच्या नळीतून तासाला १४ लिटर पाणी. हे १४ लिटर कागदावर न दिसल्यामुळेच ड्रेनचा उतार विसरला जातो आणि मग छत गळतं.

सटरफटर

पण कॉइलमधून हवा खरंच अशी आधी आडवी आणि मग वक्ररेषेवरून घसरत जाते का?

पंखेवाला

नाही. प्रत्यक्षात थोडी हवा कॉइलच्या पंखांना, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांना चिकटून जाते, थोडी मधूनच सुटते. चिकटलेली गार होऊन गळते, सुटलेली तशीच राहते आणि पुढे दोन्ही मिसळतात. म्हणून बाहेर येणारी हवा सहसा १०० टक्क्यांना टेकत नाही, ९० ते ९५ वर राहते. कामाला आम्ही आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा या दोन बिंदूंना सरळ रेघेनं जोडतो. ती रेघ पुढे वाढवली की जाड वक्ररेषेला जिथे लागते ते कॉइलचं परिणामी पृष्ठतापमान. या रेघेचा उतारच सगळं सांगतो. आडवी रेघ म्हणजे नुसतं गार करणं, जितकी तिरपी खाली तितका पाण्याचा वाटा जास्त.

आणि हो, गरजेपेक्षा मोठा एसी बसवला की ओलावा का राहतो हेही इथेच समजतं. मोठं यंत्र पटकन तापमान गाठतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो. कॉइल नीट ओली होऊन पाणी गळायला लागायच्या आत काम आटोपलेलं असतं. त्यात पंखा चालूच राहिला तर कॉइलवरचं पाणी परत खोलीत.

ओली_वात

वेट बल्ब मोजायचा कसा यावर कुणीच बोललेलं नाही, म्हणून भर घालते. चार्टवर कितीही बारीक पेन्सिल चालवा, मोजणीच चुकली तर उपयोग नाही.

दोन सारखे थर्मामीटर. एकाच्या फुग्यावर पातळ मलमलीचं फडकं, ते ऊर्ध्वपातित पाण्यानं भिजवलेलं. त्यावरून सेकंदाला तीन ते पाच मीटर वेगाने हवा जायला हवी. म्हणूनच हातानं गरगर फिरवायचं उपकरण असतं किंवा छोटा पंखा लावलेला असतो. स्थिर हवेत ओल्या फुग्याभोवती त्याचंच बाष्प साचतं आणि आकडा खऱ्यापेक्षा वर राहतो. नळाचं पाणी वापरलं की क्षार साचून फडकं कडक होतं, परिणाम तोच. फिरवणं थांबवल्यावर ओला थर्मामीटर आधी वाचायचा, कारण तोच आधी चढायला लागतो. फडकं वाळलं तर दोन्ही आकडे जवळ येतात आणि चार्ट बिचारा १०० टक्के दाखवतो.

एका अंशाच्या चुकीनं किती फरक पडतो तेही सांगते. हवा ३० अंश असताना वेट बल्ब २२ ऐवजी २३ वाचला तर आर्द्रता ५० ऐवजी ५५. पण हवा १० अंश असताना ८ ऐवजी ९ वाचला तर ७७ ऐवजी ८८! थंडीत हे उपकरण फार सांभाळून वापरावं लागतं.

बाकी वेट बल्बला नुसतं कूलरचं तापमान समजू नका. माणूसही घामानं गारच होत असतो, म्हणजे तोही त्याच तिरक्या रेघेच्या भरवशावर असतो. स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० साली ३५ अंश वेट बल्ब ही सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा म्हणून मांडली. त्यानंतर तरुण, निरोगी माणसांवर नियंत्रित खोलीत झालेल्या चाचण्यांत प्रत्यक्ष मर्यादा त्याच्या बरीच खाली, दमट हवेत ३०-३१च्या आसपास निघाली.

काटेकोर

चांगली चर्चा. दोन-तीन ठिकाणी खिळे ठोकतो.

एक, वेट बल्बची रेघ आणि एन्थाल्पीची रेघ एकच नाहीत. तुषार मारताना त्या पाण्याची स्वतःचीही थोडी उष्णता हवेत येते, त्यामुळे एन्थाल्पी किंचित वाढते. वरच्याच उदाहरणात नीट गणित केलं तर ४० अंशांच्या हवेची ६३.९ येते आणि ३० अंशांच्या हवेची ६४.२. कूलरच्या हिशेबाला हा फरक सोडून द्या. पण एन्थाल्पी वाचताना वेट बल्बच्या रेघेवरून डोळा घसरू देऊ नका, कडेच्या पट्टीवर पट्टी लावूनच वाचा.

दोन, एन्थाल्पीचा शून्य कुठे धरलाय ते बघा. मेट्रिक चार्टवर कोरड्या हवेचा शून्य ० अंश सेल्सिअसला असतो, फॅरेनहाइटच्या चार्टवर ० अंश फॅरेनहाइटला. त्यामुळे एका चार्टवरचा आकडा नुसतं एकक बदलून दुसऱ्यावर नेता येत नाही. फरक मात्र नेता येतो, आणि कामाचा फरकच असतो.

तीन, हौशी मंडळींसाठी: तापमानाच्या 'उभ्या' रेघांना पट्टी लावून पाहा. चांगल्या चार्टवर त्या एकमेकींना समांतर नसतात, हलक्याशा कललेल्या असतात. कारण आखणी खरं तर एन्थाल्पी आणि बाष्पप्रमाण या दोन अक्षांवर केलेली असते, तापमान नंतर आलेलं.

सरावासाठी एक प्रश्न टाकतो. ५ अंश, ९० टक्के आणि ३० अंश, ९० टक्के अशा दोन हवा सारख्या वजनानं मिसळल्या. मिश्रणाची आर्द्रता किती? उत्तर लगेच देऊ नका कुणी, आडवी_रेघ तुम्ही तर नाहीच.

रोपवाटिका

आम्ही हरितगृहात हा चार्ट वेगळ्या कारणासाठी बघतो. रोपाला सापेक्ष आर्द्रता कळत नाही. हवा पानातून पाणी किती जोरानं ओढते ते त्याला कळतं. ती ओढ म्हणजे संपृक्त हवेचा बाष्पदाब वजा प्रत्यक्ष बाष्पदाब. २५ अंश, ६० टक्क्यांना ही तूट १.२७ किलोपास्कल. ३० अंश आणि तेच ६० टक्के धरलेत तर १.७०. आर्द्रतामापक दोन्ही वेळा ६०च दाखवतोय आणि रोप तिसऱ्या हिश्शानं जास्त तहानलेलं आहे. चार्टवर ही तूट म्हणजे बिंदूपासून सरळ वर जाड वक्ररेषेपर्यंतचं अंतर. उजवीकडे सरकाल तसं ते अंतर कसं ताणत जातं ते डोळ्यांनीच दिसतं.

सटरफटर

हे भारी आहे. म्हणजे टक्केवारी तीच असली तरी बिंदू उजवीकडे गेला की वरची जागा वाढते.

आता कूलरचं पुन्हा विचारतो. दमट हवेत तो चालत नाही म्हणतात, ते 'चालत नाही' म्हणजे नक्की किती?

आडवी_रेघ

ओल्या जाळीची परिणामकारकता ८० टक्के धरू, म्हणजे ड्राय बल्ब ते वेट बल्ब या अंतरापैकी ८० टक्के वाट हवा चालते.

४० अंश, २० टक्के: वेट बल्ब २२, अंतर १८ अंश. त्याचे ८० टक्के १४.४. हवा साधारण २५.६ अंशांची होऊन बाहेर पडते, आर्द्रता ७३ टक्के.

३२ अंश, ७५ टक्के: वेट बल्ब २८च्या किंचित वर. अंतर चारही नाही. हवा २९च्या आसपास बाहेर, आर्द्रता नव्वदीच्या पुढे. तीन अंश मिळवले आणि खोली ओली करून ठेवली. चार्टवर जाड वक्ररेषा नाकासमोर असताना तिरकी रेघ चालायला जागाच उरत नाही. कूलर घ्यायच्या आधी त्या जागेचा ऐन उन्हाळ्यातला वेट बल्ब पाहिला की वाद घालायला लागत नाही.

उलटसुलट

माझ्याकडे एका युरोपीय यंत्राच्या पुस्तिकेत आलेला चार्ट आहे. त्यात तापमान उभ्या अक्षावर आहे, बाष्प आडव्या अक्षावर, आणि १०० टक्क्यांची वक्ररेषा खालच्या बाजूला. छपाई चुकलीय का?

काटेकोर

छपाई बरोबर आहे. तो रिचर्ड मोलियरचा चार्ट, १९२३ सालचा. माहिती तीच, अक्षांची अदलाबदल. कॅरियरच्या चार्टवर जे आडवं ते मोलियरवर उभं. गरम करणं म्हणजे सरळ वर, थंड करणं म्हणजे सरळ खाली, वक्ररेषेला टेकेपर्यंत. तुषार मारले की हवा उजवीकडे खाली उतरते. मला विचाराल तर 'थंड झालं की खाली' हे जास्त सरळ वाटतं. पण हात ज्याच्यावर बसला तोच चार्ट चांगला.

उलटसुलट

धन्यवाद. अजून एक. तळटीपेत १०१.३२५ किलोपास्कल असं लिहिलंय. आमची साइट समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर आहे. हाच चार्ट चालेल?

पंखेवाला

नाही चालणार, दुसरा छापून घ्या. १५०० मीटरवर दाब ८४.५ किलोपास्कलच्या आसपास येतो. तीच ३० अंश, ५० टक्क्यांची हवा घ्या: समुद्रसपाटीला किलोमागे १३.३ ग्रॅम, तुमच्याकडे १६. घनफळ ०.८८ ऐवजी १.०६ घनमीटर. म्हणजे तेवढ्याच किलो हवेसाठी पंख्याला वीस टक्के जास्त घनफळ ढकलावं लागणार. मोटार आणि डक्ट समुद्रसपाटीच्या चार्टवरून काढलेत तर खोली गार होणार नाही, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जाईल.

काटेकोर

+१. गंमत अशी की दवबिंदू दोन्हीकडे १८.४च. तो फक्त बाष्पदाबावर ठरतो, भोवतीच्या हवेच्या दाबावर नाही. बाष्प तेवढंच आहे, कोरडी हवा विरळ झाली म्हणून किलोमागचे ग्रॅम वाढले.

कोपऱ्यातली_भिंत

मी तांत्रिक माणूस नाही, पण धागा वाचून उत्सुकता लागली. हिवाळ्यात खोलीच्या एका कोपऱ्यात काळी बुरशी धरते. खोली २२ अंश, आर्द्रतामापक ६० टक्के दाखवतो. दवबिंदू काढायचा प्रयत्न केला, १४च्या जवळ आला. भिंतीचा कोपरा मोजला तर १५. म्हणजे दवबिंदूच्या वर आहे, पाणी दिसतही नाही. मग बुरशी का? आणि खिडकी उघडावी तर बाहेर ८ अंश आणि ८५ टक्के. आणखी ओलावा आत घ्यायचा का?

आडवी_रेघ

दवबिंदू अगदी बरोबर काढलात. आता त्याच आडव्या रेघेवर २२ वरून डावीकडे १५ पर्यंत सरका आणि तिथली वक्ररेषा वाचा. ९३ टक्के! भिंतीला चिकटलेली हवा खोलीतलीच आहे, फक्त भिंतीच्या तापमानाला आलेली. आर्द्रतामापक खोलीच्या मध्यावर ६० दाखवतो आणि कोपऱ्यात ९३ असतात. बुरशीला दिसणारं पाणी लागतच नाही, पृष्ठभागाजवळ ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलं की तेवढं तिला पुरतं. पंखेवाले वर म्हणाले ते खरंच, बुरशीला टक्केवारी कळते. पण भिंतीवरची, खोलीतली नाही.

आता खिडकी. बाहेरचा बिंदू टाका: ८ अंश, ८५ टक्के, म्हणजे ५.७ ग्रॅमच्या आत. तुमच्या खोलीत आहेत ९.९ ग्रॅम. ती बाहेरची हवा आत येऊन २२ पर्यंत तापली की आडवी उजवीकडे जाऊन ३४-३५ टक्क्यांवर बसेल. म्हणजे बदललेली प्रत्येक किलो हवा चार ग्रॅमहून जास्त पाणी घेऊन बाहेर जाते. बिनधास्त उघडा. थोडा वेळ पण सताड, भिंती गार होऊ न देता. कपाट कोपऱ्याला चिकटलेलं असेल तर पुढे ओढा, म्हणजे खोलीची ऊब तिथवर पोचेल आणि १५चे १७ झाले तरी ९३ चे ८२ होतील.

कोपऱ्यातली_भिंत

कपाट आहेच तिथे! मनापासून आभार. मग उन्हाळ्यात तळघरालाही हेच लागू का? तिथेही कुबट वास येतो.

ओली_वात

उलट! तळघराच्या भिंती उन्हाळ्यातही समजा १८ अंशांवर. बाहेर ३० अंश, ६० टक्के म्हणजे दवबिंदू २१.४. ती हवा आत घेतलीत की भिंतींवर थेट पाणी. तिथे दमट दिवसात खिडक्या बंद ठेवून ओलावा शोषणारं यंत्र लावावं, आणि बाहेरचा दवबिंदू भिंतीच्या तापमानापेक्षा चांगला खाली उतरेल तेव्हाच उघडावं. दोन्ही प्रश्नांत टक्केवारी पाहून निर्णय घेतला असता तर दोन्ही उलटे झाले असते.

सटरफटर

काटेकोर, तुमच्या प्रश्नाला बराच वेळ झाला, कुणी हात लावला नाही म्हणून मी लावतो. तापमान साडेसतरा. आर्द्रता दोन्हींची ९०, मग मिश्रणाचीही ९०च ना? पण तुम्ही विचारताय म्हणजे काहीतरी पाचर असणार.

काटेकोर

तापमान बरोबर. टक्केवारीची सरासरी निघत नाही, ग्रॅमची निघते. ५ अंशांच्या हवेत ४.९ ग्रॅम, ३० अंशांच्या हवेत २४.४. मध्य १४.६. आता साडेसतरा अंशांवर जाड वक्ररेषा किती ग्रॅमवर आहे ते बघा.

सटरफटर

साडेबारा! म्हणजे बिंदू वक्ररेषेच्या बाहेरच पडला?

काटेकोर

हो. दोन बिंदू सरळ रेघेनं जोडा, वक्ररेषा त्या रेघेच्या खालून जाते. दोन्ही हवा असंपृक्त असूनही मिश्रणाला धुकं धरतं. जादाचे २.१ ग्रॅम सगळे गळत नाहीत बरं का. पाणी होताना उष्णता सुटते, हवा साडेसतरावरून १९च्या थोडी वर चढते आणि वक्ररेषेवर १४ ग्रॅमच्या जवळ स्थिरावते. धुक्यात जातात ०.६ ते ०.७ ग्रॅम.

पंखेवाला

शीतगृहाच्या दारात जो पांढरा लोट दिसतो तो हाच. तिथे नवशिके आतला पंखा वाढवायला निघतात. दाराबाहेरच्या जागेतली हवा आधी कोरडी करा, म्हणजे तुमच्या त्या सरळ रेघेचं उजवं टोक खाली येतं आणि ती वक्ररेषेला शिवतच नाही.

सटरफटर

टोक किती खाली आणायचं ते कसं काढायचं? डाव्या बिंदूतून वक्ररेषेला स्पर्शिका?

पंखेवाला

बरोबर, स्पर्शिकाच. पट्टी डाव्या बिंदूवर ठेवा, वक्ररेषेला नुसती टेकेपर्यंत फिरवा, आणि ३०च्या उभ्या रेघेवर ती जिथे येईल त्याच्या खाली राहा. शीतगृह शून्याखालचं असेल तर कमी तापमानाचा वेगळा चार्ट मिळतो, तो घ्या. नेहमीच्या चार्टवर तो डावा कोपराच छापलेला नसतो.